आधी रक्त थांबवा

डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला स्टेरॉइड द्यायचं, ही पद्धत जगभरच्या रुग्णालयांत सुमारे तीस वर्षं चालली. तिच्यामागचं कारण कुणालाही पटेल असं होतं. मार लागला की मेंदूला सूज येते. कवटी हाडाची असल्याने सुजेला पसरायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढत जातो आणि रुग्ण दगावतो. स्टेरॉइडने सूज उतरते. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज या औषधाने उतरते, हे मेंदूचे सर्जन नेहमीच पाहत होते. मग अपघातातल्या रुग्णाला ते का देऊ नये? देणारे डॉक्टर हुशार होते, जीव तोडून काम करणारे होते, आणि आपण रुग्णाचं भलंच करतोय याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता.

१९९९ मध्ये लंडनमधल्या इयान रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खात्री तपासायला घेतली. ४९ देशांतली २३९ रुग्णालयं त्यांच्यासोबत आली. चाचणीचं नाव होतं ‘क्रॅश’. वीस हजार रुग्णांपर्यंत जायचा बेत होता. पण २००४ च्या मे महिन्यात, दहा हजारांचा टप्पा ओलांडता ओलांडता, देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने आतापर्यंतचे आकडे उघडून पाहिले आणि चाचणी थांबवायला सांगितलं. स्टेरॉइड मिळालेल्या रुग्णांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले होते. न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. औषध जीव वाचवत नव्हतं, घेत होतं.

शंभर रुग्णांमागे तीन मृत्यू जास्त. हा फरक एखाद्या डॉक्टरला स्वतःच्या अनुभवातून कधी कळला असता का? अपघात विभागात शंभरांतले अठरा जण गेले काय आणि एकवीस गेले काय, खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. कुणाची कवटी फुटलेली, कुणी उशिरा पोचलेला, कुणी आधीच म्हातारा. प्रत्येक मृत्यूला एक पटण्याजोगं कारण हाताशी असतंच. वाचलेला रुग्ण मात्र औषधाने वाचला असं वाटतं. या पद्धतीने तीस वर्षं एक घातक उपचार सज्जन माणसांच्या हातून दिला जाऊ शकतो, आणि तो दिला गेला.

जखमींच्या उपचारांतलं संशोधन का लागतं, याचं उत्तर या एका घटनेत आहे. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधी करून ठेवावा लागतो. आणि नुसता विचार पुरत नाही, तो तपासून ठेवावा लागतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे काम नेटाने झालं आहे. त्यातला रक्तस्रावाचा भाग या प्रकरणात पाहू, कारण जखमी माणूस वाचवता येण्याची सर्वांत मोठी संधी तिथेच आहे.

चिठ्ठी टाकण्याचा अधिकार

दोन उपचारांपैकी कुठला चांगला, हे ठरवायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणं. डॉक्टरने निवड केली की गडबड होते. जरा बऱ्या दिसणाऱ्या रुग्णाला नवं औषध आणि अगदीच अत्यवस्थ असलेल्याला जुनं, किंवा उलट, असं नकळत होत जातं. चिठ्ठीला रुग्णाचा चेहरा दिसत नाही. म्हणून हजारो रुग्णांनंतर दोन्ही गट वयाने, जखमांनी, उशिराने सारखे होतात आणि उरलेला फरक औषधाचाच असतो.

पण रक्तबंबाळ, बेशुद्ध माणसाला चाचणीत घ्यायचं कसं? त्याची संमती कोण देणार? त्याच्या आयुष्याचा फैसला चिठ्ठीवर सोडणं माणुसकीला धरून आहे का? हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. संशोधकांनी त्याला दोन उत्तरं दिली. पहिलं असं की, औषध द्यावं की नाही याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच खरोखर शंका असेल तरच त्या रुग्णाला चाचणीत घ्यायचं. द्यायलाच हवं अशी खात्री असेल, तर द्यावं. देऊच नये अशी खात्री असेल, तर देऊ नये. दोन्ही वेळा रुग्ण चाचणीबाहेर. दुसरं उत्तर असं की, रुग्ण शुद्धीवर नसेल तर नातेवाईकांना विचारायचं, तेही हजर नसतील तर त्या त्या देशाच्या नैतिकता समितीने आखलेल्या नियमाने चालायचं, आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला सगळं सांगायचं.

मला स्वतःला यापुढचा एक मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. बेशुद्ध रुग्णांवर संशोधनच करायचं नाही असं ठरवलं, तर त्यांच्यावरचे प्रयोग थांबत नाहीत. ते नोंद न ठेवता चालू राहतात. स्टेरॉइडचा प्रयोग असाच तीस वर्षं चालला होता. रुग्ण त्यात होते, संमती कुणी घेतली नव्हती आणि निकाल कुणी लिहून ठेवला नव्हता.

सलाईनची बाटली

आपल्याकडे आजारी माणसाला सलाईन लागलं की घरच्यांना हायसं वाटतं. अपघातात रक्त गेलेल्या माणसाला तर भराभर बाटल्या चढवायच्या, हाच कित्येक वर्षं जगभरचा शिरस्ता होता. रक्तदाब घसरला आहे, तेव्हा नळ्यांतलं पाणी वाढवा म्हणजे दाब चढेल. यंत्रावरचा आकडा चढतोही.

पहिल्या महायुद्धातच वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने याबद्दल सावध केलं होतं. रक्तस्राव थांबवायच्या आधी दाब वाढवला तर फुटलेल्या वाहिनीच्या तोंडाशी धरलेली गुठळी निसटते आणि वाचलेलं रक्तही वाहून जातं, असं त्यांनी १९१८ मध्ये लिहिलं. ते पुढे विस्मरणात गेलं. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरातून त्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. गोळी किंवा सुरी लागून धडाला भोसकल्याची जखम झालेले आणि वरचा रक्तदाब ९० किंवा त्याखाली गेलेले ५९८ प्रौढ रुग्ण त्यात होते. एका दिवशी आलेल्यांना नेहमीप्रमाणे रुग्णवाहिकेतच सलाईन सुरू होई. दुसऱ्या दिवशी आलेल्यांना शिरेत सुई घालून ठेवत, पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत सलाईन सोडत नसत. लगेच सलाईन मिळालेल्यांपैकी ६२ टक्के वाचले. थांबवून ठेवलेल्यांपैकी ७० टक्के.

पाटाचा बांध फुटला तर शेतकरी आधी वरून पाणी तोडतो आणि मग भगदाडावर माती ओढतो. पाण्याचा जोर वाढवून कुणी बांध घालत नाही. शरीरातही तेच घडतं. शिवाय सलाईन म्हणजे रक्त नव्हे. त्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी नाहीत, गोठवणारे घटक नाहीत. उरलेलं रक्त ते पातळ करतं आणि थंड बाटल्या शरीर गार करतात.

या निकालाच्या मर्यादाही तितक्याच नीट समजून घ्यायला हव्यात. ह्यूस्टनचे रुग्ण भोसकल्याच्या जखमांचे होते आणि थोड्याच वेळात मोठ्या रुग्णालयात पोचणारे होते. ज्याच्या मेंदूला मार लागला आहे त्याचा रक्तदाब खाली राहू देणं धोक्याचं असतं, कारण इजा झालेल्या मेंदूला रक्ताचा पुरवठा टिकवावा लागतो. म्हणजे ‘सलाईन वाईट’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. रक्त वाहत असताना सलाईन हा उपचार समजू नका आणि त्यासाठी वाटेत वेळ घालवू नका, एवढाच यातून घ्यायचा बोध आहे.

अर्धवट सोडलेली शस्त्रक्रिया

दुसरा धक्का सर्जनांच्या सवयीला बसला. चांगला सर्जन हातात घेतलेलं काम पुरं करतो: फाटलेलं यकृत शिवतो, आतड्याची टोकं जोडतो, पोट नीट बंद करतो. पण फार जखमी झालेल्या माणसाच्या बाबतीत एक दुष्टचक्र सुरू झालेलं असतं. रक्त गेल्याने शरीर गार पडतं. पेशींना प्राणवायू न मिळाल्याने रक्तात आम्ल साठतं. गार आणि आम्लयुक्त रक्त गोठत नाही, म्हणून आणखी वाहतं आणि शरीर आणखी गार पडतं. टेबलावर चार तास सुबक शिवणकाम चालू असतं आणि त्याच वेळी रुग्ण हातातून जात असतो.

१९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मायकेल रोटोंडो, विल्यम श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीचे निकाल मांडले. पोट उघडायचं, मोठ्या वाहिन्यांचं रक्त थांबवायचं, यकृताभोवती कापडाच्या घड्या गच्च भरायच्या, फाटलेलं आतडं जोडत न बसता नुसतं बांधून टाकायचं, म्हणजे मळ पसरणार नाही. पोट वरवर झाकून रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यायचं. तिथे त्याला ऊब द्यायची, रक्त द्यायचं, श्वासाला यंत्राचा आधार द्यायचा. शरीर सावरलं की दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर पुन्हा टेबलावर घेऊन राहिलेलं काम करायचं. मोठी रक्तवाहिनी आणि पोटातले दोन किंवा अधिक अवयव अशा सर्वांत गंभीर जखमांचे २२ रुग्ण त्या अभ्यासात होते. त्यांच्यात जुन्या पद्धतीने ११ टक्के वाचले होते, नव्या पद्धतीने ७७ टक्के. रुग्णांची संख्या लहान होती आणि चिठ्ठ्याही टाकलेल्या नव्हत्या, म्हणून हा आकडा जपूनच वाचायला हवा. तरी या विचाराने जगभरची शस्त्रक्रियागृहं बदलली.

पुढे २००३ मध्ये लंडनच्या करीम ब्रोही आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गंभीर जखमी झालेल्या दर चार रुग्णांपैकी जवळजवळ एकाची रक्त गोठण्याची क्रिया रुग्णालयात पाऊल ठेवतानाच बिघडलेली असते आणि अशांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांच्या चौपट असतं. तोवर समजूत अशी होती की रक्त पातळ होतं ते आपण दिलेल्या सलाईनमुळे आणि गारठ्यामुळे. आता कळलं की इजा आणि रक्तदाब कोसळणं यांनीच हा बिघाड पहिल्या काही मिनिटांत सुरू होतो. मग ओघानेच प्रश्न आला: हा बिघाड औषधाने रोखता येईल का?

उताको ओकामोतो यांचं औषध

ते औषध तेव्हा चाळीस वर्षांचं झालेलं होतं.

रक्त गोठतं म्हणजे काय होतं, हे जरा जवळून पाहू. फुटलेल्या वाहिनीच्या तोंडाशी आधी बिंबाणू चिकटतात. मग फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जाऊन जाळी तयार होते आणि तिच्यात पेशी अडकून घट्ट गुठळी बनते. पण शरीरात गुठळी विरघळवणारी यंत्रणाही असते. ती नसती तर साध्या खरचटण्यानेही वाहिन्या कायमच्या बुजल्या असत्या. प्लाझ्मिन हा तिच्यातला मुख्य घटक. फायब्रिनच्या धाग्यावर लायसिन या अमिनो आम्लाच्या जागा असतात, तिथे तो पकड घेतो आणि धागा कापत जातो. मोठ्या अपघातानंतर हीच यंत्रणा बेसुमार चालू होते आणि नुकत्याच बनलेल्या गुठळ्या विरघळू लागतात.

जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत शोसुके आणि उताको ओकामोतो हे संशोधक दांपत्य काम करत होतं. साधनं तुटपुंजी होती. रक्तावर संशोधन करायचं त्यांनी ठरवलं त्याचं एक कारण हेही होतं की बाकी काही मिळालं नाही तरी स्वतःचं रक्त काढून वापरता येईल. उताकोबाईंना मूल सांभाळायला कुणी नव्हतं, तेव्हा मुलीला पाठीशी घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत काम केलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरतात, त्यासाठी काही करावं हा त्यांचा ध्यास होता. लायसिनशी साधर्म्य असलेले रेणू तपासत तपासत १९६२ मध्ये त्यांनी ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड जगासमोर ठेवलं. हा रेणू लायसिनसारखा दिसतो, प्लाझ्मिनची पकड बसायची जागा आधीच अडवतो आणि गुठळी टिकून राहते.

बाळंतपणात हे औषध वापरून पाहा, असं उताकोबाई सांगत राहिल्या. प्रसूतितज्ज्ञांना त्या पटवू शकल्या नाहीत. औषध दात काढताना, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत आणि पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांसाठी वापरात आलं. ही गोळी आज आपल्याकडच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात असते. पण अपघातात मरणाऱ्या माणसाला ती वाचवेल का, हे कुणी तपासलं नाही.

ते तपासलं पुन्हा रॉबर्ट्स यांच्याच गटाने. २००५ ते २०१० या काळात ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत ‘क्रॅश-२’ ही चाचणी झाली. २०,२११ जखमी तिच्यात होते आणि सर्वाधिक रुग्ण भारतातले होते. पद्धत मुद्दाम साधी ठेवलेली होती. अपघात विभागात आठ पाकिटांचं एक खोकं असे आणि प्रत्येक पाकिटावर क्रमांक. पात्र रुग्ण आला की उरलेल्यांतलं सर्वांत लहान क्रमांकाचं पाकीट उचलायचं आणि फोडायचं. आतल्या कुप्या दिसायला सारख्याच. काहींत औषध, काहींत नुसतं मिठाचं पाणी. एक ग्रॅम दहा मिनिटांत, आणखी एक ग्रॅम पुढच्या आठ तासांत. कुणाला काय मिळालं हे ना डॉक्टरला ठाऊक, ना नर्सला, ना नातेवाइकांना. नोंदीचा कागदही आटोपशीर. गर्दीने फुटून चाललेल्या सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजतासुद्धा करता येईल, इतकंच काम मागितलं होतं. म्हणून ते झालं.

निकाल असा लागला: मिठाचं पाणी मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले, औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के. नको तिथे गुठळ्या होतील ही भीती होती. तशा घटना वाढल्या नाहीत. दीड टक्क्याचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. त्याचा अर्थ मात्र दर ६७ रुग्णांमागे एक माणूस वाचतो, आणि तोही अशा औषधाने जे स्वस्त आहे, खोलीच्या तापमानाला टिकतं आणि द्यायला विशेषज्ञ लागत नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जखमींसाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

बाळंतपणाची चाचणीही अखेर झाली. वीस हजारांवर बायकांचा समावेश असलेल्या ‘वुमन’ चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला आणि रक्तस्रावाने होणारे मृत्यू या औषधाने घटतात हे दिसलं. उताकोबाई त्याआधी, २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी गेल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. ते तपासायला जगाने अर्धशतकाहून जास्त वेळ लावला, आणि त्या काळात ज्या बायका रक्त जाऊन गेल्या त्यांचा हिशेब कुठेच नाही.

हेच औषध सगळीकडे चालतं असंही नाही. जठर आणि आतड्यातल्या रक्तस्रावासाठी बारा हजार रुग्णांवर ते तपासलं, तेव्हा २०२० मध्ये निकाल आला की फायदा होत नाही. एका ठिकाणचं यश दुसऱ्या ठिकाणी गृहीत धरता येत नाही. तिथेही पुन्हा तपासावंच लागतं.

वेळ : किती आणि कशासाठी

‘गोल्डन अवर’ हा शब्द आता कायद्यातही आला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासाला ते नाव दिलं. ही कल्पना अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन आर. अ‍ॅडम्स काउली यांची. जखमींसाठी वेगळं केंद्र हवं, हेलिकॉप्टर हवीत, यासाठी ते भांडले आणि त्यांनी ते उभं केलं. २००१ मध्ये दोन संशोधकांनी या तासाला शास्त्रीय आधार कुठून आला याचा माग काढला, तेव्हा नेमक्या ‘एका तासा’चा पुरावा त्यांना सापडला नाही.

म्हणून वेळेला महत्त्व नाही असं मुळीच नाही. उलट नेमका हिशेब आता हाती आहे आणि तो जास्त कठोर आहे. क्रॅश-२ च्या आकड्यांची फोड केल्यावर दिसलं की इजेनंतर पहिल्या तासात औषध दिलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ वर आले. एक ते तीन तासांत दिलं तर ६.१ वरून ४.८ वर. तीन तासांनंतर दिलेल्यांत मात्र ते घटले नाहीत, वाढले: ३.१ वरून ४.४ टक्के. जखमी आणि बाळंतिणी मिळून चाळीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा उशिराच्या प्रत्येक १५ मिनिटांमागे औषधाचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो असं २०१८ मध्ये दिसून आलं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की साठ मिनिटं संपेपर्यंत सवड आहे, अशी समजूत चुकीची आहे. पहिल्या पंधरा मिनिटांपासूनच नुकसान चालू असतं. एका रुग्णालयातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा जखमी फिरत राहिला तर हाताशी असलेलं स्वस्त, सिद्ध झालेलं औषध निरुपयोगी होतं, आणि तीन तासांनंतर ते अपायकारकही ठरू शकतं.

मुंबईच्या नोंदी

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. रेल्वे, बांधकामं, शेतीची यंत्रं, पडणं, भाजणं यांतले बळी वेगळेच. यातले किती जण योग्य उपचारांनी वाचले असते, हे विचारायचं तर जखमींची नोंद पाहिजे. पोलिसांकडे गुन्ह्याची नोंद असते आणि रुग्णालयाकडे केसपेपर असतो. पण रुग्ण किती वाजता आला, तेव्हा त्याचा रक्तदाब किती होता, रक्त कधी मिळालं आणि तिसाव्या दिवशी तो जिवंत होता का, हे एका ठिकाणी सापडत नाही.

ही उणीव भरून काढायचा एक मोठा प्रयत्न सर्जन नभोजित रॉय आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी २०१३ पासून केला. मुंबईतली केईएम आणि शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीच्या एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचं एसएसकेएम ही चार रुग्णालयं त्यात होती. प्रकल्पाने नेमलेली माणसं पाळीने अपघात विभागात थांबून नोंदी करत. अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीस दिवसांत रुग्णालयात दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २१ टक्के निघालं. श्रीमंत देशांतल्या नोंदींपेक्षा हे पुष्कळ जास्त आहे. डोक्याच्या इजा त्यात मोठ्या संख्येने होत्या, आणि बरेच रुग्ण दुसऱ्या रुग्णालयातून इथे पाठवलेले होते.

याच प्रकल्पातून आणखी एक उपयोगाची दिशा मिळाली. महागडे स्कॅन येण्याआधी वरचा रक्तदाब, नाडीचा वेग आणि शुद्धीची पातळी या तीन साध्या मोजण्यांवरून, कुणाच्या जिवाला धोका जास्त आहे याचा अंदाज बांधता येतो का, हे तपासलं गेलं. बांधता येतो. शंभर माणसांच्या गर्दीत आधी कुणाकडे धावायचं, हा आपल्या सरकारी रुग्णालयांतला रोजचा प्रश्न आहे. रक्तदाबाचा पट्टा, घड्याळ आणि नीट पाहणारी नर्स एवढ्या साधनांवर त्याचं उत्तर उभं राहू शकतं. अट एकच: ती मोजणी प्रत्येक रुग्णाची, प्रत्येक वेळी झाली पाहिजे.

परदेशातून आलेले उपचार इथे जसेच्या तसे उचलावेत का, हाही प्रश्न आता भारतातले संशोधक विचारू लागले आहेत. ‘एटीएलएस’ या नावाने ओळखला जाणारा डॉक्टरांचा अभ्यासक्रम जगभर चालतो. १९७६ मध्ये नेब्रास्कात विमान कोसळून जेम्स स्टायनर या अस्थिशल्यतज्ज्ञाची पत्नी गेली आणि मुलं जखमी झाली. गावच्या रुग्णालयात मुलांना मिळालेले उपचार पाहून त्यांनी हा अभ्यासक्रम उभा करायला घेतला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण हा क्रम त्याने लाखो डॉक्टरांच्या अंगवळणी पाडला. पण या प्रशिक्षणाने रुग्णांचे मृत्यू खरोखर घटतात का, याची मोठी चिठ्ठीवरची चाचणी इतकी वर्षं झालेली नव्हती. ती भारतातल्या रुग्णालयांत हाती घेतली गेली. आपल्या रुग्णांसाठीचं उत्तर आपल्याच रुग्णालयांत शोधलं जातंय, ही मला फार आश्वासक गोष्ट वाटते.

रस्त्यावर काय करायचं

रुग्णालयाच्या दाराआधीच्या मिनिटांचं संशोधनही वाचकाच्या कामाचं आहे. इराक युद्धाच्या काळात बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात हातापायांना गंभीर जखमा झालेल्या २३२ जणांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. रक्तस्रावाने शरीर कोसळण्याआधी हातापायाला आवळपट्टा बांधला गेला, त्यांतले ९० टक्के वाचले. कोसळल्यानंतर बांधला गेला, त्यांतले १० टक्के. आवळपट्ट्याने अवयव गमवावा लागतो अशी भीती पिढ्यान्‌पिढ्या होती. केवळ पट्ट्यामुळे कुणाचाही हात किंवा पाय गेला नाही.

म्हणून रस्त्यात कुणी रक्तबंबाळ पडलेला दिसला तर पहिलं काम १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. दुसरं काम, जखमेवर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून तळहाताने जोर लावून दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. थांबलं का म्हणून मधेच उचलून पाहायचं नाही; कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हातापायातून रक्ताची धार थांबतच नसेल तर जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टा करकचून आवळायचा आणि वेळ लक्षात ठेवायची. दोरी किंवा तार वापरायची नाही, ती मांसात रुतते. हळद, माती, चहापूड यांपैकी काहीही जखमेत भरायचं नाही. तोंडात पाणी घालायचं नाही.

पोलिसांच्या चौकशीचा धाकही मनातून काढायला हवा. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक केली आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने त्यांना कायद्यात जागा मिळाली. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालयाला त्याला अडवून ठेवता येत नाही आणि उपचारांचे पैसेही मागता येत नाहीत.

नागरिकाचं काम इथवर. पुढचं शासनाचं आणि रुग्णालयांचं आहे, आणि ते अमुक इतक्या कोटींची यंत्रं घेतल्याने पुरं होणार नाही. प्रत्येक रुग्णवाहिकेत आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या कुप्या आणि ते कधी द्यायचं, कधी नाही, हे माहीत असलेली माणसं हवीत. तालुक्याच्या ठिकाणी रक्त मिळायला हवं. जखमीला कुठल्या रुग्णालयात न्यायचं हे आधी ठरलेलं हवं, म्हणजे तो दारोदार फिरणार नाही. आणि प्रत्येक जखमीची वेळ, रक्तदाब, उपचार आणि शेवट यांची नोंद हवी, ती दर महिन्याला कुणीतरी उघडून पाहायला हवी आणि टाळता आला असता अशा मृत्यूबद्दल, कुणाला बळीचा बकरा न करता, मोकळेपणी बोललं जायला हवं. स्टेरॉइड घातक आहे हे कळायला तीस वर्षं लागली, कारण तोवर पुरेशा रुग्णांवर कुणी मोजलं नव्हतं. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांत काय चुकतंय तेही मोजल्याखेरीज कळणार नाही, आणि मोजायला लागणारी वही-पेन्सिल आजही प्रत्येक अपघात विभागात आहे.